नटाचे ओझे
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



अभिनय म्हणजे सोंग, आणि सोंग आणणारा माणूस विचारांच्या कामाचा नव्हे, असा एक समज आपल्या चळवळीत खोलवर रुजलेला आहे. सभेला गर्दी जमेपर्यंत कलापथकाने दोन गाणी म्हणावीत आणि वक्ते आले की बाजूला व्हावे, एवढीच त्याची किंमत! ज्यांनी आयुष्यभर अभिनय केला त्यांना तो काय वाटत होता, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही.

डॉ. श्रीराम लागूंनी नाक-कान-घशाच्या शल्यचिकित्सेचा व्यवसाय सोडून १९६९ साली पूर्णवेळ रंगभूमी पत्करली. आपल्या आत्मचरित्राला त्यांनी नाव दिले 'लमाण'. लमाण एका गावचा माल दुसऱ्या गावी पोचवतो. तो माल त्याचा नसतो. नटही तसाच, अशी डॉक्टरांची धारणा. नाटककाराचा आशय वाटेत न सांडता प्रेक्षकांपर्यंत न्यावयाचा. परंतु ओझे वाहणाऱ्याची पाठ कणखर लागते. आवाज, श्वास, शरीर यांची रोजची मशागत लागते. १९७० मध्ये रंगमंचावर आलेल्या 'नटसम्राट'मधील गणपतराव बेलवलकर त्याशिवाय पेलला नसता.

निळू फुले घडले ते राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात. पोटासाठी ते पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करीत. पुढे चित्रपटांत त्यांच्या वाट्याला पाटील आणि पुढारी आले. म्हणजे ज्या सत्तेविरुद्ध त्यांची सारी जडणघडण, तिचीच चाल आणि तिचेच हसू त्यांना अंगावर घ्यावे लागले. १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला 'सामना' आठवा. तेंडुलकरांचा साखरसम्राट हिंदुराव समोरच्या मास्तरवर (ती भूमिका लागूंची) ओरडत नाही. तो त्याचा पाहुणचार करतो! शोषक किती लाघवी असतो हे आपल्या पत्रकांना कधी सांगता आलेले नाही. ते दाखवावयाचे तर शत्रूला आतून ओळखावे लागते, निव्वळ तिरस्काराने भागत नाही. खेड्यापाड्यांतील बाया निळूभाऊंना खरोखरीचा दुर्जन समजत. नटाला याहून मोठी पावती कोणती?

हेच दोघे पुढे सामाजिक कृतज्ञता निधीसाठी अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करीत हिंडले. चळवळीतील पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा थोडे मानधन मिळावे, यासाठी तो निधी होता. नाटक क्रांतीचे नव्हते; १९३६ सालचे, हसवणारे. लोक तिकीट काढून येत, पोटभर हसत, आणि पैसा निधीत जमा होई.