जुन्या शिवणयंत्राचे आयुष्य



आपल्या कळंबला समुद्र लाभला, तशी खारी हवाही लाभली. ती दाराच्या कड्या खाते, खिडक्यांचे गज खाते. मग ओटीवरच्या शिवणयंत्राला कशी सोडील? ज्या यंत्रावर आजीने नातवंडांची झबली शिवली, ते पुढे जड होते, एके दिवशी अडते आणि भंगारवाल्याच्या काट्यावर चढते. आमचे सांगणे एवढेच, की ही यंत्रे बहुधा म्हातारपणाने मरत नाहीत, हेळसांडीने मरतात.

1924 साली गांधीजींना कोणी विचारले, आपला सर्वच यंत्रांना विरोध आहे काय? त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला. त्याच्या मुळाशी पत्नीचे कष्ट वाचविण्याची माया आहे, असे त्यांचे म्हणणे होते. कर्ता पुरुष गेल्यावर याच यंत्राने किती घरे सावरली, हे आपणही पाहिले आहे. असे यंत्र भंगारात जाते, तेव्हा घरातला एक कमावता हात जातो.

म्हणून अडलेले यंत्र आधी उघडून पाहावे. बहुतेक वेळा आत जुने तेल चिकट होऊन बसलेले असते. खोबरेल किंवा गोडेतेल घातले असेल, तर विचारूच नका! दाते आणि शटल यांमधला कापसाचा मळ कुंचल्याने काढावा. सांध्यांत रॉकेलचे थेंब सोडून रात्रभर ठेवावे, दिव्यापासून दूर. सकाळी चाक हलके हलके फिरवावे, सारे पुसून घ्यावे आणि मशीनचेच तेल थेंबथेंब घालावे. रॉकेल मळ सोडविते. वंगणाचे काम त्याने होत नाही. काळ्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी मात्र स्पिरिटने पुसू नये. ती उठून येते.

टाका बिघडला की आपण लगेच स्क्रू पिळतो. तसे करू नये. आधी सुई बदलावी. सुईला ज्या अंगाने लांब खाच असते, त्या अंगाने दोरा ओवावा. मग टाका पाहावा. कापडाखाली दोऱ्याचे फास दिसले, तर वरचा ताण सैल आहे असे समजावे. दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या पोटात बसली पाहिजे.

सुटे भाग मिळतील काय, ही शंका रास्त आहे. आपल्याकडची पुष्कळ देशी यंत्रे सिंगरच्या 15 नंबरी यंत्राच्या धाटणीची आहेत. त्यांच्या सुया आणि बॉबिनी आजही बाजारात मिळतात. होडीसारख्या लांब शटलच्या यंत्रांना मात्र शोधाशोध करावी लागते; त्यांची जुनी बॉबीन कधी टाकू नये.

मृगापूर्वी आपण घराची डागडुजी करतो. त्याच दिवशी यंत्रालाही तेल द्यावे आणि ते काम घरातल्या एका मुलाकडून किंवा मुलीकडून करून घ्यावे. नुसते यंत्र वारशाने देऊन भागत नाही. ते राखण्याची विद्याही द्यावी लागते.