जुन्या धरणाचा सांडवा

धरण पाहावयास गेलेला मनुष्य बहुधा भिंत पाहून परत येतो. तिची लांबी, तिची उंची आणि तिच्यामागें पसरलेला अथांग जलाशय त्याच्या ध्यानांत राहतो. परंतु त्या भिंतीचें आयुष्य ज्यावर अवलंबून असतें त्या सांडव्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. जलाशय भरल्यानंतर येणारें जादा पाणी भिंतीस अपाय न करतां नदींत सोडून देण्याची जी वाट, तिलाच सांडवा म्हणतात. धरण मातीचें असेल तर ही वाट पुरेशी रुंद असणें हा जीवनमरणाचा प्रश्न होय. दगडी भिंतीवरून थोडा वेळ पाणी गेलें तरी ती कदाचित् टिकेल. मातीच्या भरावावरून एकदां पाणी वाहूं लागलें म्हणजे माती धुपते, खांड पडतें आणि तें पाहतां पाहतां रुंदावत जातें.

ही वाट किती रुंद ठेवावी हें नदीला मोठ्यांत मोठा पूर केवढा येईल यावर ठरतें. पूर्वींच्या अभियंत्यांजवळ पावसाच्या आणि पुराच्या थोड्या वर्षांच्या नोंदी असत. त्यांवरून आणि अनुभवसिद्ध सूत्रांवरून ते अंदाज बांधीत. पुढें नोंदी वाढल्या व निराळा प्रश्न विचारण्यांत येऊं लागला: त्या प्रदेशांत होऊं शकणारें सर्वांत भयंकर वादळ नेमकें याच नदीच्या पाणलोटावर येऊन बरसलें तर काय होईल? या प्रश्नाच्या उत्तरास ‘संभाव्य महत्तम पूर’ म्हणतात. १९८५ सालच्या भारतीय मानकानें मोठ्या धरणांचे सांडवे याच पुराच्या मापानें असावेत असें ठरविलें. त्यामुळें भिंतींत एकहि दोष नसलेलीं कित्येक जुनीं धरणें या हिशेबांत उणीं ठरलीं.

हा हिशेब केवळ कागदावरचा नव्हे, हें गुजरातेंतील मोरवी शहरास फार मोठी किंमत देऊन कळलें. मच्छू नदीवरील दुसरें धरण १९७२ सालीं पुरें झालें होतें. त्याचा सांडवा सेकंदास सुमारें ५,६६० घनमीटर पाणी वाहून नेण्याच्या बेतानें बांधला होता. ११ ऑगस्ट १९७९ रोजीं अतिवृष्टीमुळें त्याच्या जवळजवळ तिप्पट पाणी आलें. दोन्ही बाजूंचे मातीचे भराव वाहून गेले आणि खालचें मोरवी शहर पाण्याखालीं बुडालें. हजाराहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. पुढें धरण पुन्हां बांधतांना सांडव्याची क्षमता सुमारें चौपट करण्यांत आली. मोठी वाट बांधणें अशक्य नव्हतें. ती बांधली गेली, परंतु माणसें गेल्यानंतर.

ओरिसांतील महानदीवरील हिराकुड धरणाच्या बाबतींत हिशेब आधीं मांडला गेला, हें त्याचें विशेष होय. १३ जानेवारी १९५७ रोजीं पंडित नेहरूंच्या हस्तें उद्घाटन झालेल्या या धरणाच्या दोन्ही अंगांस मातीचे लांबच लांब बांध आहेत. त्याचा सांडवा सेकंदास ४२,४५० घनमीटर पाणी सोडूं शकतो. पुढें फेरतपासणींत संभाव्य महत्तम पूर ६९,६३२ घनमीटर निघाला. म्हणून डाव्या तीरावर अतिरिक्त सांडव्याचें काम हातीं घेण्यांत आलें. अर्थात् हें कार्य कोणास तोशीस न लागतां झालें नाहीं. नव्या वाटेंत आलेल्या वस्तींतील कुटुंबांना घरें सोडावीं लागलीं. सर्वांच्या सुरक्षिततेचा भार थोड्यांवर पडत असेल, तर त्यांचें पुनर्वसन हा देखील त्या बांधकामाचाच एक भाग मानला पाहिजे.

प्रत्येक ठिकाणीं नवा सांडवा खोदावा लागतोच असें नाहीं. कोठें भरावाची उंची वाढवितात अथवा माथ्यावर भक्कम कठडा बांधतात. कोठें सांडव्याचा माथा नागमोडी करून तेवढ्याच रुंदींत अधिक पाणी वाहूं देतात. पावसाळ्यांत जलाशयाची पातळी खालीं ठेवणें हा बांधकामाविना होणारा उपाय आहे. मात्र पुढें पाऊस कमी झाला तर शेतीच्या आणि विजेच्या वांट्यास तितकें पाणी कमी येतें. शिवाय सांडवा कितीहि मोठा केला तरी खालचें नदीपात्र घरांनीं अडविलेलें असेल आणि इशारा वेळेवर पोंचत नसेल, तर काम अर्धेंच राहतें.

सांडवा वाढविला म्हणजे पूर्वसूरींच्या कर्तृत्वास कमीपणा येतो असें मुळींच नाहीं. त्यांनीं आपल्या काळच्या ज्ञानानें माप घेतलें. नव्या ज्ञानानें तें पुन्हां घेणें हें पुढच्या पिढीचें कर्तव्य होय. १९२१ पासून नव्हे, तर २०२१ सालच्या धरण सुरक्षा कायद्यानें आतां अशी तपासणी तज्ज्ञांकडून करून घेणें धरणाच्या मालकांस बंधनकारक झालें आहे. या खर्चाचें फळ मात्र सहसा डोळ्यांस दिसत नाहीं. नवा सांडवा वर्षानुवर्षें कोरडा पडून राहील आणि एवढा पैसा कशाला घातला, असें कोणी विचारीलहि. तो कोरडा असतांना खालच्या गांवांतील माणसें रात्रीं स्वस्थ झोंपतात, हेंच त्या प्रश्नाचें उत्तर.