पहाटेचा अर्धा तास आणि पायथॉन

आठवड्याचे तास १६८. त्यातून झोप, नोकरी, स्वयंपाक, बसचा प्रवास, आजारपणं आणि लग्नकार्यं वजा केली, की नोकरदार बाईच्या हाती काय उरतं, हे गणित तुमच्यातल्या अनेकींना तोंडपाठ असेल. माझ्या हाती तीन तास उरतात. तेही सलग नाहीत. मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी पहाटे अर्धा-अर्धा तास, आणि रविवारी दुपारी घर झोपलेलं असताना दीड तास. या तीन तासांत मी गेल्या वर्षापासून प्रोग्रॅमिंग शिकते आहे. पन्नाशी उलटलेली, मराठी घेऊन बी.ए. झालेली, कविता लिहिणारी बाई कॉम्प्युटरला हुकूम द्यायला शिकते म्हटल्यावर लोकांना हसू येतं. येऊ दे.

हौस म्हणून मी यात पडले नाही. माझे अब्बा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. आयुष्यभर मराठीत कविता लिहिल्या, पण संग्रह काढला नाही. १९९८ साली भाईजाननं त्या एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पूर आला, तेव्हा जुन्या घरात पाणी शिरलं आणि अब्बांच्या वह्यांचा लगदा झाला. राहिली ती एक सीडी. ती उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं यांचा नुसता कचरा. २१२ कविता, आणि एकही वाचता येईना.

असं का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे, कारण त्या काळातलं मराठीतलं किती तरी लेखन याच अवस्थेत पडून आहे. तेव्हाच्या मराठी फॉन्टची युक्ती अशी, की फाइलमध्ये साठवायचं इंग्रजी अक्षर आणि पडद्यावर त्याच्या जागी काढायचं देवनागरी चित्र. फॉन्ट गेला की चित्र गेलं. युनिकोडमध्ये तसं नाही. तिथं प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'क'चा क्रमांक २३२५. फॉन्ट कुठलाही असो, तो 'क'च. म्हणजे मला हवं होतं एक छोटं यंत्र, जुनी चिन्हं घेऊन त्यांच्या जागी खरी अक्षरं ठेवणारं. तयार यंत्रं मिळतात, पण ती प्रसिद्ध फॉन्टसाठी. आमच्या डीटीपीवाल्याचा फॉन्ट त्यातल्या कुठल्याच यंत्राला नीट ओळखता येईना.

भाचा म्हणाला, "खाला, एआयला सांगा की, दोन मिनिटांत करून देईल." सांगितलं. कवितेचा कचरा दिला, तर त्यानं गुळगुळीत मराठी कविता हातात ठेवली. पण अब्बा 'हितं' लिहीत, 'तकडं' लिहीत. तिथं 'इथे' आणि 'तिकडे' आलं होतं. दोन ओळी तर कुणाच्या होत्या, देव जाणे. माझ्या बापाची कविता दुरुस्त करून मागितली कुणी? एआय मला आजही उपयोगी पडतं, एखादी आज्ञा समजावून घ्यायला, कुठं अडलं ते विचारायला. अक्षराच्या जागी अक्षर ठेवायचं काम मात्र मला समजेल आणि तपासता येईल अशाच मार्गानं व्हायला हवं होतं.

म्हणून पायथॉन. ही प्रोग्रॅमिंगची भाषा खिदो फान रॉसम या डच माणसानं १९८९ च्या नाताळात सुरू केली. सुट्टीच्या आठवड्यात हाताला काही तरी छंद हवा, एवढाच हेतू. १९९१ मध्ये ती लोकांसमोर आली. नाव अजगराचं नाही, एका ब्रिटिश विनोदी कार्यक्रमाचं. २००८ मध्ये तिची तिसरी आवृत्ती आली, तेव्हापासून तिला देवनागरी अक्षरं परकी राहिली नाहीत. फावल्या वेळात जन्मलेली भाषा फावल्या वेळात शिकता यावी, असं मी मनाशी ठरवलं.

आता वेळेचं सांगते. सुरुवातीला मी रोज एक तास असं वेळापत्रक भिंतीवर लावलं होतं. ते पाहुण्यांनी मोडलं, गॅस सिलिंडरनं मोडलं, सासूबाईंच्या गुडघ्यांनी मोडलं. मग वारच ठरवून टाकले. बुधवारी बाजार, शुक्रवारी जुम्मा, घरी जेवणाची गडबड. त्या दिवशी अभ्यास नाहीच. मधले दिवस मोकळे सुटतात, त्याचा तोटा होत नाही. एबिंगहाऊस नावाच्या जर्मन संशोधकानं १८८५ मध्ये स्मरणशक्तीवर पुस्तक लिहिलं. एकदम घोकण्यापेक्षा अंतर ठेवून उजळणी केलेलं जास्त टिकतं, हे त्यानं स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. रमजानमध्ये तर सेहरीनंतर घर पुन्हा झोपतं, तो अर्धा तास वर्षातला सर्वांत शांत.

अर्ध्या तासाची अडचण एकच असते. कुठपर्यंत आलो होतो, हे आठवण्यातच दहा मिनिटं जातात. त्यावर गझलेचा उपाय कामी आला. शेराची पहिली ओळ सुचली आणि दुसरी सुचली नाही, तर ती पहिली ओळ घेऊनच पोळ्या लाटायच्या. तसंच इथं. उठताना वहीत एक ओळ लिहायची, 'पुढे काय'. दोन दिवस ती डोक्यात घोळते आणि गुरुवारी बसल्या बसल्या हात चालू लागतात.

आणि सगळं काम कॉम्प्युटरसमोर होतं, असंही नाही. अब्बांची एक कविता मला तोंडपाठ आहे. तिचा कचरा मी कागदावर छापून घेतला आणि बसमध्ये पेन्सिलनं प्रत्येक चिन्हाखाली खरं अक्षर लिहीत गेले. हाच माझा कोश. पायथॉनमध्ये याला डिक्शनरीच म्हणतात. डावीकडं जुनं चिन्ह, उजवीकडं अक्षर.

खरी मजा पुढं. या फाइलमध्ये 'ख' दोन तुकड्यांत होता, अर्धा 'ख' आणि उभा दंड. नुसता अर्धा आधी बदलला, तर दंड अनाथ होतो. म्हणून लांब जोड्या आधी, एकेकटी चिन्हं नंतर. पहिली वेलांटी हातानं लिहिताना अक्षराच्या आधी येते, जुन्या फॉन्टमध्येही आधीच. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवतात. 'स्थिर' लिहायचं तर वेलांटीला 'स्थ' हे अख्खं जोडाक्षर ओलांडून न्यावं लागतं. हे करायला मला चार रविवार लागले. रफार याच्या उलट; तो नंतर आलेला असतो, त्याला मागं न्यायचं. शिवाय 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत गल्लत झाली, तर गुरुजी एकदम स्वयंपाकघरात जाऊन बसतात! अब्बांना हा विनोद आवडला असता. शाळेत ते हेच उदाहरण द्यायचे.

आतापर्यंत १४० कविता वाचता येऊ लागल्या आहेत. प्रत्येक कविता मी मोठ्यानं वाचते, भाईजान फोनवर ऐकतो. एखादा शब्द खटकला की आम्ही दोघं मूळ चिन्हांकडं जातो. एकदा 'वंजळ' असं आलं. मला वाटलं, 'ओंजळ' असणार. चिन्हं तपासली, 'वंजळ'च होतं. भाईजान म्हणाला, "अगं, अम्मी तसंच म्हणायची."

उरलेल्या ७२ कवितांमध्ये एक दीर्घकविता आहे. तिच्या फाइलचा फॉन्ट वेगळाच निघाला, म्हणजे कोश पहिल्यापासून करायचा. तिचं पहिलं पान छापून पर्समध्ये ठेवलं आहे. बसला खिडकीची जागा मिळाली, की पेन्सिल काढते.