देहभान



आपल्या भाषेंत देहभान हरपणें ही धन्यतेची गोष्ट मानिली आहे. कीर्तनांत रंगलेला मनुष्य देहभान विसरतो आणि आपण त्याचें कौतुक करतों. आज मी उलट बाजूनें बोलणार आहें. हरपावयाचें तर तें आधीं जवळ असावें लागतें. आणि माझ्या वयाच्या पुष्कळ मंडळींपाशीं तें फारसें उरलेलें नसतें. मी वैद्य नव्हे, मुलांना शिकविण्यांत आयुष्य घालविलेला मॅट्रिक पास मास्तर आहें. परंतु आजचा विषय औषधाचा नसून शिकण्याचाच आहे, म्हणून हें धाडस.

डोळे मिटून हात डोक्यामागें न्या. तो कोठें आहे हें न पाहतां कळतें. स्नायूंत, कंडरांत व सांध्यांत ताण ओळखणारीं सूक्ष्म इंद्रियें आहेत, त्यांचें हें काम. शेरिंग्टन ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १९०६ सालीं ह्या जाणिवेस स्वतंत्र नांव दिलें. स्पर्शाचा व ह्या जाणिवेचा संदेश पेशींतील कोणत्या द्वारांतून आंत शिरतो, हें दाखविल्याबद्दल आर्डेम पटापूटियन हे २०२१ सालच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. पांच ज्ञानेंद्रियें आम्हीं मुलांकडून पाठ करून घेतलीं. ह्या सहाव्याचें नांव कोणत्याच धड्यांत नव्हतें.

सवय ह्या जाणिवेवर पडदा टाकते. चौतीस वर्षें उजवा हात फळ्याकडे उचललेला, निवृत्त झाल्यावर कोट शिवावयास गेलों, तेव्हां शिंप्यानें सांगितलें, “मास्तर, उजवा खांदा बोटभर वर आहे.” मला त्याचा पत्ताच नव्हता. जें नेहमींचें, तेंच आपणांस सरळ वाटूं लागतें.

ह्या प्रश्नाचा ज्यांनीं पिच्छा पुरविला, त्यांपैकीं मोशे फेल्डनक्राईस ह्यांचें चरित्र मला विशेष उद्बोधक वाटतें. जन्म १९०४, आजच्या युक्रेनमधील स्लावुता गांवीं. लहान वयांतच ते पॅलेस्टाईनला गेले. पुढें पॅरिसला यंत्रविद्या व पदार्थविज्ञान शिकले, जोलिओ-क्यूरी ह्यांच्या प्रयोगशाळेंत काम केलें, आणि जपानी ज्युडोंतही प्रावीण्य मिळविलें. फुटबॉल खेळतांना गुडघा दुखावलेला होता. तो पुन्हां पुन्हां दगा देऊं लागला. शस्त्रक्रियेच्या यशाची हमी मिळेना. तेव्हां ह्या गृहस्थानें आपल्या चालण्याचाच अभ्यास मांडला. पाऊल टेकतांना कंबर काय करते, श्वास कोठें अडतो, हें तो तासन्‌तास पडून हळू हळू हालचाल करून पाहत असे. १९४९ सालीं त्याचें ह्या विषयावरील पहिलें मोठें पुस्तक निघालें, आणि पुढें तेल अवीवमध्यें त्यानें शेंकडों पाठ शिकविले. १९८४ सालीं तो वारला.

ह्या पाठांत हालचाल इतकी मंद व अल्प कां, असा प्रश्न येईल. त्याचें उत्तर वेबर ह्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाच्या १८३४ सालच्या प्रयोगांत आहे. धान्याचें पोतें वाहणाऱ्या हमालाच्या पोत्यावर लिंबू ठेवा. त्याला तें कळणार नाहीं. तेंच लिंबू रिकाम्या तळहातावर ठेवा, तात्काळ कळेल. भार जितका मोठा, तितका फरक मोठा असावा लागतो. जोर लावला कीं बारीक भेद बुडतात. आमच्या शाळांतील कवायतींत “छाती पुढें, पोट आंत” असा हुकूम सुटे. रांग सुंदर दिसे, पण आंत काय चाललें आहे हें कोणी मुलाला विचारीत नसे. हठप्रदीपिकेंतील शवासनाचें वर्णन करणाऱ्यांस मात्र स्वस्थ पडण्याचें मोल ठाऊक होतें.

आतां खुर्चीवर बसूनच एक पाठ करून पाहूं. दोन्ही पावलें जमिनीवर टेकलेलीं असूं द्या. मान सावकाश उजवीकडे वळवा, आणि जेथें ओढ लागते त्याच्या अलीकडेच थांबा. समोर काय दिसतें, खुंटी कीं खिडकीची कड, तें लक्षांत ठेवा. परत या. आतां मान उजवीकडे जात असतां नजर मात्र डावीकडे न्या. प्रथम गोंधळ उडेल, उडूं द्या. असें पांच-सहा वेळां, मध्यें विसावा घेऊन करा. दांत आवळले गेले काय? श्वास रोखला गेला काय? आतां नजर व मान एकत्र उजवीकडे न्या. बहुधा खुंटीच्या पलीकडचें कांहीं दिसेल. स्नायू तेवढ्यांत लांबले नाहींत. डोळे व मान ह्यांची जुनी जोडगोळी जरा सैल झाली, एवढेंच. डावी बाजू आज केवळ मनांत करा. तीही थोडी सुटलेली आढळली, तर नवल मानूं नका.

ही करमणूक नव्हे. माझे एक समवयस्क स्नेही न्हाणीघरांत घसरून पडले. हाड मोडलें नाहीं. पण भीतीनें सारें अंग असें आखडलें कीं, मागून मोटार आली तर त्यांना मान वळवितां येईना, अख्खें धड फिरवावें लागे. वाचनालय सुटलें, मग मंडईही. गेलें वर्षभर ते रोज वीस मिनिटें सतरंजीवर पडून हे पाठ करतात. मंडईंत पुन्हां जातात. वाचनालयाचा जिना अद्यापि टाळतात.

ह्यांत अतिशयोक्ति मला नको आहे. वृद्धांना तोल सांवरण्यास ह्या पाठांनीं मदत झाल्याचें कांहीं लहान प्रयोगांत आढळलें आहे. उलट ऑस्ट्रेलियाच्या सरकारनें २०१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या आढाव्यांत ह्या पद्धतीच्या उपयोगाचा निश्चित पुरावा हातीं लागला नाहीं. ज्यांना भोंवळ येते, हातापायांस मुंग्या येतात किंवा नुकतेंच हाड मोडलें आहे, त्यांनीं आधीं डॉक्टरांस विचारावें. इतरांनीं जेवणानंतर तासभर तरी थांबून, शक्य तर गादीऐवजीं सतरंजीवर, आरंभ करावा. गादी पाठीचे सारे खांचखळगे भरून काढते, आणि मग कोणता खांदा जमिनीस टेकत नाहीं, हें समजत नाहीं.