फोनमधला आपला आवाज

(विद्यार्थिनींबरोबर काम करणाऱ्या गटांच्या शिबिरातलं भाषण)



१८४८ मध्ये सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली. १९१६ मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं. ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल गटातल्या मुलींना २०२४-२५ पासून महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क माफ झालं. दार उघडलं, चांगलंच झालं. पण आत आलेल्या मुलीला ‘ही जागा माझीही आहे’ असं वाटायला लावणारा शासन निर्णय कुठून आणायचा?

घरातली पहिलीच पदवीपर्यंत पोचलेली मुलगी वर्गात बोलते, तिच्या ‘न’ आणि ‘ण’वर हसू फुटतं. ती गप्प होते. गप्प झालेली मुलगी शंका विचारत नाही, शिष्यवृत्तीच्या खिडकीवर भांडत नाही, नोकरीच्या मुलाखतीत पगाराबद्दल विचारत नाही. मग घरचे म्हणतात, जमत नसेल तर ये परत. स्थळ तर तयारच असतं.

अशा मुलींसाठी आपण पॉडकास्ट करावेत, असं मला सुचवायचं आहे. पॉडकास्ट म्हणजे फोनवर हवा तेव्हा, हवा तितक्या वेळा ऐकता येणारा बोलण्याचा कार्यक्रम. मोठ्या पाहुण्यांची भाषणं मुलींना भरपूर मिळतात. मिळत नाही तो आपल्यासारखाच आवाज. झहीराबाद भागातल्या दलित बायकांनी २००८ साली ‘संघम रेडिओ’ सुरू केला, तो त्यांच्याच बोलीत. म्हसवडच्या ‘माणदेशी तरंग’वरही गावच्या बायका बोलतात. रेडिओला परवाना लागतो, मनोरा लागतो. पॉडकास्टला एक फोन पुरतो. खिडक्या बंद करा, पंखा बंद करा, आवाज घुमू नये म्हणून भोवती गोधड्या टांगा, की झाला स्टुडिओ. साध्या आवाजातला दहा मिनिटांचा भाग साधारण ५ एमबीत बसतो, व्हॉट्सॲपवर सहज जातो.

प्रश्न पहिल्या वर्षाच्या मुलींनी काढावेत. उत्तरं देणारी नुकतीच नोकरीला लागलेली, त्यांच्याच तालुक्यातली असावी. नेमणूकपत्रात काय वाचायचं, हातात येणारा पगार कमी का दिसतो, हे तिला सांगू द्या.

आणि नोकरीची तयारी म्हणजे नुसता बायोडेटा नव्हे. २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा शिकाऊ मुलीलाही लागू आहे. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवीच; त्याहून लहान ठिकाणी काम करणारीने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची, योग्य कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. हे पहिल्या पगाराआधी कळायला हवं.

काही पथ्यं पाळू या. आवाज हीसुद्धा ओळख असते. नाव बदललं तरी लहान गावात आवाज ओळखला जातो. म्हणून छळाची हकीकत दुसरीच्या आवाजात वाचा. ध्वनिमुद्रण आधी जिचं तिला ऐकवा, आणि तिने ‘नको’ म्हटलं की पुसा. ऐकू न येणाऱ्या मुलींसाठी सगळं लिहून द्या. बऱ्याच मुलींचा फोन भावाच्या हातात असतो, हे विसरू नका. वसतिगृहाच्या खोलीत पाच-सहा जणींनी एकत्र बसून ऐकावं, मग बोलावं. माझ्या मते खरं काम त्या बोलण्यात होतं. तिथेच मुलीला कळतं की आपल्यासारखी अडखळणारी दुसरीही आहे.

येत्या जूनमध्ये नवीन मुली येतील. तोवर प्रत्येक गटाने चार भाग तयार करावेत. पहिला भाग बोलीवरून उडणाऱ्या हशाबद्दल असू द्या, आणि तो त्याच बोलीत असू द्या.