जुन्या मोटारीचे अडखळणे आणि ठिबकणे



जुनी मोटार बाळगणाऱ्यास दोन तक्रारी सहसा चुकत नाहीत. चालता चालता इंजिन मध्येच ठोका गाळते, म्हणजे गॅरेजच्या भाषेत गाडी ‘मिसिंग’ करते; आणि रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीखाली सकाळी तेलाचा डाग दिसतो. या दोन्ही तक्रारी एकदम सांगितल्या की पुष्कळ वेळा “इंजिन उतरवावे लागेल” असे उत्तर मिळते, आणि मालक मुकाट्याने मान डोलावतो. हा खर्च कधी कधी खुद्द गाडीच्या किमतीला जाऊन भिडतो. तेव्हा होकार देण्यापूर्वी काय पाहून घ्यावे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

उदाहरणादाखल आपल्या परिचयाची ॲम्बॅसडर घेऊ. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून ती निघावयाची २०१४ साली थांबली. परंतु १४८९ घनसेंटिमीटरचे जुने पेट्रोल इंजिन असलेल्या कित्येक गाड्या जिव्हाळ्याने सांभाळलेल्या आढळतात. चार सिलिंडर, आणि ठिणगी पडण्याचा क्रम एक, तीन, चार, दोन.

बेळगावहून जांबोटीमार्गे गोव्यास जाताना चोर्ला घाटात, विशेषतः पावसाळ्यात, अशी गाडी अडखळू लागली तर प्रथम ओलाव्याचा संशय घ्यावा. डेल्कोच्या टोपीत दमट हवा शिरली की वीज प्लगकडे न जाता भलतीच वाट धरते. टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसावी आणि आतून नीट न्याहाळावी. पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ती टोपी पुसून सुधारणार नाही, बदलावीच लागेल. काळोख्या रात्री बॉनेट उघडून चालते इंजिन पाहिले, तर जुनाट वायरींवरून निळसर ठिणग्या निसटताना प्रत्यक्ष दिसतात. ही परीक्षा फुकटची आहे, पण पंख्यापासून हात आणि कपडे दूर असावेत.

ओलावा नसेल, तर दोषी सिलिंडर हुडकावा. इंजिन सावकाश चालू ठेवून रबरी मूठ असलेल्या पकडीने एकेका प्लगची वायर क्षणभर काढावी. वायर काढताच इंजिन लंगडू लागले तर तो सिलिंडर काम करीत होता. काहीच फरक पडला नाही, तर अपराधी तोच. आता इंजिन बंद करून त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावावा. दोष प्लगबरोबर शेजारी गेला तर नवा प्लग घेऊन प्रश्न मिटतो. गेला नाही, तर हीच अदलाबदल वायरींची करावी. एका वेळी एकच वस्तू बदलावी. चार वस्तू एकदम बदलणाऱ्यास गाडी कशाने सुधारली हे कधीच कळत नाही. चारही सिलिंडर आळीपाळीने चुकत असतील, तर कॉन्टॅक्ट पॉइंट आणि कंडेन्सर पाहावेत. पॉइंटमधील अंतर सुमारे पंधरा हजारांश इंच असावे.

काढलेला प्लग फेकण्यापूर्वी वाचून घ्यावा. तपकिरी-करडा रंग आरोग्याचा. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे, बहुधा चोक पुरता उघडत नाही. आणि काळा, तेलकट, ओला प्लग निघाला, तर आपली दुसरी तक्रार पहिलीला येऊन मिळाली असे समजावे.

आता ठिबकण्याकडे वळू. तेल जेथे टपकते तेथूनच गळते असे नव्हे. ते वरून ओघळते आणि पंख्याचा वारा त्यास मागे रेटतो. म्हणून थंड इंजिन रॉकेलने स्वच्छ धुवावे, पुरते वाळवावे आणि बाहेरून खडूची पूड भुरभुरावी. थोडे अंतर चालवून आणल्यावर जे सर्वांत वरचे आणि सर्वांत पुढचे ठिकाण ओले दिसेल, गळती तेथून. या इंजिनात ते ठिकाण बहुधा टॅपेटच्या कव्हराचे किंवा बाजूच्या पत्र्याच्या झाकणांचे निघते. तेथील कॉर्कची पॅकिंग वाळून आक्रसते. ती स्वस्त असते. मात्र बोल्ट करकचून आवळू नयेत, पत्रा वाकतो आणि गळती वाढते.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्याखाली ठिबकत असेल, तर प्रकरण निराळे. क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकास या इंजिनात रबरी सील नाही. शाफ्टवरच आटे कोरलेले असतात, आणि फिरताना ते तेलास आत परत ढकलतात. इंजिन थांबले की ढकलणारे कोणी उरत नाही. म्हणून रात्रीतून रुपयाएवढा डाग पडणे हा या इंजिनाचा स्वभाव आहे, त्यासाठी गिअरबॉक्स उतरवणे मला पटत नाही. पण धार लागली, किंवा चढावर क्लच घसरू लागला, तर दुर्लक्ष करू नये. तेल क्लचप्लेटपर्यंत पोहोचलेले असू शकते आणि घाटात ते धोक्याचे ठरते.

तरीही प्रथम ब्रीदरची नळी साफ करावी. पिस्टनच्या बाजूने खाली निसटणारा वायू याच नळीने बाहेर पडतो. ती काजळीने तुंबली की आतला दाब वाढतो आणि तेलास मिळेल त्या फटीतून बाहेर रेटतो. नळी मोकळी असूनही चालत्या इंजिनाचे तेल भरावयाचे झाकण काढल्यावर धुराचे लोट येत असतील, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्याचा संशय बळावतो.

त्याचा निकाल कॉम्प्रेशन गेज लावून होतो. इंजिन गरम करून, कॉइलची वायर काढून, चारही प्लग उतरवून आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवावा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून ठेवावा. आकडा किती, यापेक्षा चारांत फरक किती, यास महत्त्व अधिक. ज्याचा आकडा कमी, त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर रिंगा गेल्या. चढला नाही तर बहुधा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच दुबळे निघाले, तर त्यांच्यामधील हेड गॅस्केट जळाली असावी.

हे आकडे लिहिलेला कागद हाती घेऊनच मिस्त्रीकडे जावे. व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट यांचे काम हेड उतरवून होते, त्यासाठी इंजिन गाडीतून बाहेर काढावे लागत नाही.