छावणीतला विटाळ

बायबलातली ‘लेवीय’ आणि ‘गणना’ ही पुस्तकं आवडीनं वाचणारे थोडेच. नियमांमागून नियम, तेही याजकांच्या तोंडचे. अनेक अभ्यासक मानतात की त्यांना आजचं रूप पुष्कळ नंतर, याजकांच्याच हातून मिळालं. मी मात्र वाचताना याजकाला बाजूला ठेवतो आणि तंबूत डोकावतो.

सीनायच्या रानात इस्राएल लोकांची छावणी पडली आहे. मधोमध निवासमंडप, भोवती लेवी, त्यांच्या बाहेर चारी दिशांना तीन-तीन वंशांचे तंबू. अशा एका तंबूत घरातला म्हातारा गेला. आत असलेला प्रत्येक माणूस सात दिवस अशुद्ध. झाकण घट्ट न बसवलेलं प्रत्येक भांडंही अशुद्ध. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी तांबड्या कालवडीची राख कालवलेलं पाणी अंगावर शिंपडायचं. एरवीही मातीच्या मडक्यात मेलेली पाल पडली, तर मडकं फोडायचं; लाकडी भांडं किंवा गोणपाट पाण्यात घातलं की संध्याकाळी शुद्ध. एवढं मोठं शास्त्र, पण त्याची खरी राखण स्वयंपाक करणाऱ्या बाईकडे!

आणि विटाळ होई कशानं? बाळंतपणानं, नवरा-बायकोच्या संगानं, बापाला मूठमाती दिल्यानं. यातलं टाळण्याजोगं काय आहे? म्हणून मला हा अपराध वाटत नाही, ही नुसती मुदत आहे. संगानंतर दोघांनी आंघोळ करायची, संध्याकाळ झाली की मोकळे. पाळीचे सात दिवस बाईचं अंथरूण-बैठक शिवायची नाही. पण छावणीबाहेर काढायच्या लोकांच्या यादीत तिचं नाव नाही.

बाळंतिणीचा हिशेब मात्र खटकतो. मुलगा झाला तर 7 आणि 33 मिळून 40 दिवस, मुलगी झाली तर 80. कारण दिलेलं नाही, आणि पुढच्यांनी दिलेलं एकही मला पटलेलं नाही. शेवटी अर्पणाला एक वर्षाचं कोकरू आणि एक पाखरू. गरिबाला दोन पारवे चालत.

घर खरं मोडायचं ते कातडीच्या रोगानं. फाटके कपडे, मोकळे केस, ओठांवर पदर, ‘अशुद्ध, अशुद्ध’ असा पुकारा आणि छावणीबाहेर एकट्यानं राहणं. मोशेची बहीण मिर्यामही यातून सुटली नाही. मोशेविरुद्ध बोलली ती आणि भाऊ अहरोन दोघं. रोग आला तिच्याच अंगावर. सात दिवस ती बाहेर होती आणि ती परत येईपर्यंत लोकांनी मुक्काम हलवला नाही.

एकदा वल्हांडणाच्या दिवशी काही माणसं मोशेकडे गाऱ्हाणं घेऊन आली. प्रेताला शिवल्यामुळे ती अशुद्ध होती. आम्हीच का सणाला मुकायचं, असा त्यांचा सवाल. मोशे म्हणाला, थांबा, देवाला विचारतो. निवाडा आला: पुढच्या महिन्याच्या चौदाव्या दिवशी पाळा. लांबच्या प्रवासात अडकलेल्यांनाही तीच सवलत मिळाली.